लिव्हर सिरोसिस आणि रात्री पायांत येणारे गोळे : तुम्ही काय करता?

सुमन_सातारा

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरीच वर्षं, लिहिते क्वचित. आज लिहायला बसले, कारण ही गोष्ट कुणाला विचारावी तेच कळत नाहीये.

मी निवृत्त शिक्षिका, वय ६१. जुना मधुमेह आहे. फॅटी लिव्हर वाढत जाऊन सिरोसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होणं, झाल्याचं काही वर्षांपूर्वी निदान झालं. आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण सिरोसिस म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर पहिला प्रश्न तोच उमटतो, आणि त्या एका नजरेच्या भीतीने कितीतरी बायका आपला आजार सांगतच नाहीत.

मध्यंतरी पोटात पाणी झालं होतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि टॉर्सेमाइड या लघवीच्या गोळ्यांवर ते आटोक्यात आहे. शौचाला साफ होऊन अमोनिया कमी करणारं लॅक्टुलोज चालू आहे. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात, 'स्थिर आहे.' पण माझ्या रात्री स्थिर नाहीत. दोन-अडीचच्या सुमारास पोटरीत गोळा येतो. पोटरीचा अक्षरशः दगड होतो, अंगठा वर ताणला जातो, शेजारची बोटं एकमेकांवर चढतात. कधी मांडीच्या मागे, कधी चक्क हाताच्या बोटांत. गोळा उतरला तरी सकाळी पाय ठणकत असतो, जिना उतरवत नाही. झोप तुटल्यामुळे दिवसभर पेंग येते, आणि मग घरच्यांना वाटतं की अमोनिया वाढला की काय (लिव्हरने तो साफ केला नाही की मेंदूवर गुंगी येते).

तपासणीला गेलं की वेळ मोजका असतो. सोनोग्राफी, एन्डोस्कोपी, रक्ताचे आकडे यातच तो संपतो आणि पायांचं राहून जातं. घरी म्हणतात वय झालं, कॅल्शियम घे. शेजारी म्हणतात नारळपाणी पी. मैत्रीण म्हणते मीठ-साखर-पाणी. मला तीन गोष्टी हव्या आहेत. याचा लिव्हरशी खरंच संबंध आहे का? गोळा आल्यावर त्या क्षणी काय करायचं? आणि दुखण्यावर कोणती गोळी चालते?

केदार_वि

ताई, संबंध आहे, शंभर टक्के. माझ्या वडिलांना हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस आहे. ते पोटातल्या पाण्याने घाबरले नाहीत तितके या पायांतल्या गोळ्यांनी घाबरले. रात्री ओरडून उठायचे. आई आणि मी दोन्ही बाजूंनी पाय दाबत बसायचो. तुम्ही धागा काढलात हे फार चांगलं झालं. इथे एक पोटविकारतज्ज्ञ आहेत, त्यांना विपू (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) केली आहे. त्या बोलेपर्यंत एकच सांगतो, दुखण्याची कुठलीही गोळी दुकानातून आणून घेऊ नका.

डॉ_अस्मिता

केदार, विपूबद्दल धन्यवाद. सुमनताई, इथे मी कुणाला औषध लिहून देणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं देता येतील.

सिरोसिसमध्ये स्नायूंचे गोळे अगदी सर्रास येतात. काही अभ्यासांत निम्म्याहून अधिक रुग्णांनी ते असल्याचं सांगितलं आहे. तरीही आम्ही डॉक्टर ते आपणहून विचारत नाही आणि रुग्णाला वाटतं की ही किरकोळ तक्रार आहे. ती किरकोळ नाही. झोप, चालणं, मनःस्थिती, सगळ्यावर तिचा परिणाम होतो.

कारण एकच नाही. सिरोसिसमध्ये पोटाकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, यकृत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी बनवतं, आणि पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर झिरपतं. त्यामुळे पायांवर सूज आहे, पोटात पाणी आहे, पण प्रत्यक्ष अभिसरणात फिरणारं रक्त मात्र कमी पडतंय अशी विचित्र स्थिती होते. स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू जरा जास्तच उत्तेजित होतात. स्नायूही झिजलेले असतात आणि त्यांच्यातला ऊर्जेचा साठा अपुरा असतो. त्यात लघवीच्या गोळ्यांनी सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम खालीवर होतं. लॅक्टुलोजने दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला होणं अपेक्षित असतं. त्याहून पुष्कळ जास्त होत असेल तर तिथूनही पाणी आणि क्षार जातात.

लघवीच्या गोळ्या न घेणाऱ्यांनाही गोळे येतात. म्हणून हा धागा वाचून कुणीही त्या स्वतःहून बंद करू नयेत. पण डॉक्टरांना सांगा मात्र नक्की. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की गोळे असह्य असतील तर या औषधांचा डोस कमी करावा किंवा ती थांबवावीत. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी वजन करा आणि वहीत लिहा. पायांवर सूज नसताना दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त, आणि सूज असताना एक किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल, तर पाणी गरजेपेक्षा वेगाने काढलं जातंय. ती वही डॉक्टरांसमोर ठेवली की पाच मिनिटांच्या भेटीतही मुद्दा निघतो.

तपासण्यांत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) बहुधा होतातच. मॅग्नेशियम नेहमीच्या यादीत नसतं, ते आवर्जून सांगून करून घ्या. कॅल्शियम, विटामिन डी, बी१२ आणि थायरॉइडही एकदा बघावं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गटातली गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिच्याने स्नायू दुखू शकतात.

आता नारळपाणी. स्पायरोनोलॅक्टोन शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड थोडं जरी मंदावलेलं असेल तर ही जोडी हृदयाच्या ठोक्यांना धोक्याची आहे. बाजारात 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, तिथेही हाच धोका. उलट मीठ-साखर-पाण्याने किंवा ओआरएसने सोडियम वाढून पोटातलं पाणी परत भरू शकतं. म्हणून रक्ताचा आकडा बघितल्याशिवाय दोन्ही नकोत.

सुमन_सातारा

डॉक्टर, इतकं सविस्तर मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वहीचं आजपासूनच सुरू करते. दुखण्याच्या गोळीचं तेवढं सांगाल का? आणि केदार, दुकानातली गोळी नको असं का म्हणालास?

केदार_वि

वडिलांचे गुडघे आणि पोटऱ्या दुखत होत्या म्हणून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून नेहमीची लाल-पिवळी दुखण्याची गोळी आणली गेली. दुकानदाराने काही विचारलं नाही. दोन-तीन दिवसांत लघवी कमी झाली, पाय टम्म सुजले, क्रिएटिनिन वाढलं आणि भरती करावं लागलं. आमच्या डॉक्टरांनी तेव्हा जी नावं लिहून दिली ती अजून फ्रिजवर चिकटवलेली आहेत : आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन. यातलं काहीही असलेली गोळी घरात येत नाही.

डॉ_अस्मिता

केदारच्या वडिलांना झालं ते अगदी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे. या गटातली औषधं मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात, लघवीच्या गोळ्यांचा परिणाम बोथट करतात, आणि अन्ननलिकेत किंवा जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढवतात. सिरोसिसमध्ये या तिन्ही गोष्टी जीवावर बेततात. ही औषधं असलेली मिश्र गोळी ब्रँडच्या नावाखाली लपून येते, म्हणून पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचायची सवय लावा. इंजेक्शन दिलं तरी धोका तोच.

पॅरासिटामॉलचं बरोबर उलट झालंय. लिव्हरचा रुग्ण म्हटलं की लोक त्याला हातच लावत नाहीत. खरं तर मर्यादेत घेतलं तर दुखण्यासाठी हेच त्यातल्या त्यात सुरक्षित औषध आहे. मर्यादा म्हणजे दिवसभरात एकूण २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या किंवा ६५० च्या तीन. सर्दीतापाच्या मिश्र गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरायचं. दारू चालू असेल किंवा खाणंपिणं सुटलेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पण गोळा आलेला असताना पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. गोळा मिनिटांत उतरतो, गोळीला त्याहून वेळ लागतो. नंतर राहिलेल्या ठणक्यासाठी ते ठीक.

झोपेची गोळी मात्र नको. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी मेंदूवर गुंगी येऊन हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे लिव्हरच्या आजारामुळे मेंदूचं काम बिघडणं, उद्भवू शकते.

मृण्मयी_डेट्रॉइट

मी मिशिगनमध्ये राहते आणि माझ्या नवऱ्याला सिरोसिस आहे. इथल्याच मिशिगन विद्यापीठात डॉ. एलियट टॅपर यांच्या गटाने याच त्रासावर एक चाचणी केली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सिरोसिस असलेले आणि वारंवार गोळे येणारे ८२ रुग्ण घेतले. एका गटाने गोळा येऊ लागताच काकडीच्या लोणच्याचं पाणी एक घोट घ्यायचं, दुसऱ्याने साधं नळाचं पाणी. लोणच्याच्या पाण्याने गोळ्याची तीव्रता साध्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे जास्त उतरली. पोटात पाणी असलेल्यांचं वजनही त्यामुळे वाढलं नाही.

आमच्या डॉक्टरांनी विचारल्यावर होकार दिला. छोटी बाटली पलंगाशेजारी असते. गोळा सुरू होतोय असं वाटलं की नवरा एक घोट तोंडात घेऊन क्षणभर घोळवतो आणि गिळतो. प्रत्येक वेळी लागू पडतं असं नाही, पण पडतं तेव्हा फरक लगेच कळतो. गोळे येणं त्याने थांबलेलं नाही, आलेला गोळा लवकर सुटतो एवढंच.

भीमाकाठ

मृण्मयीताई, हे वाचून आमच्या घरात आनंद झाला, कारण लोणच्याचा खार आमच्याकडे बारमाही! पण लगेच शंकाही आली. काकांना मीठ बंद आहे. लिंबाच्या लोणच्याचा खार घोटभर घेणं म्हणजे दिवसाचं सगळं मीठ एका दमात नाही का?

डॉ_अस्मिता

योग्य शंका आहे, त्यामुळे यावर जरा थांबून लिहिते.

पोटात पाणी असलेल्यांना दिवसाला सुमारे ५ ग्रॅम मीठ सांगितलं जातं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, पोळी, चटणी सगळं आलं. चाचणीतलं लोणचं म्हणजे व्हिनेगर-मिठाच्या पातळ पाण्यात मुरवलेली काकडी. आपलं लोणचं वेगळं. त्यात मोहरी, तिखट, तेल असतं आणि मीठ फोडींना टिकवण्याइतकं भरपूर असतं. त्यामुळे त्या चाचणीचा निष्कर्ष आपल्या खाराला जसाच्या तसा लावता येणार नाही.

पण यातली गंमत मिठात नाहीच. २०१० मध्ये केव्हिन मिलर यांनी निरोगी तरुणांच्या पायात विजेच्या सौम्य झटक्यांनी मुद्दाम गोळा आणून हे तपासलं. लोणच्याच्या पाण्याने गोळा साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला, आणि तो इतक्या लवकर सुटला की पोटातून क्षार रक्तात पोचायला वेळच मिळाला नव्हता. अंदाज असा की तोंडातल्या आणि घशातल्या मज्जातंतूंना आंबट-तीव्र चव लागताच मेंदूकडून एक प्रतिक्षिप्त संदेश निघतो आणि स्नायूला आकुंचन पावायला सांगणारे मज्जातंतू शांत होतात. तसं असेल तर आंबटपणा महत्त्वाचा. म्हणून मी माझ्या रुग्णांना मीठ-तेल-तिखटाचा खार सुचवत नाही. पातळ व्हिनेगरमध्ये काकडीचे तुकडे आणि अगदी बेताचं मीठ घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि डॉक्टरांना विचारून गोळा येईल तेव्हाच एक मोठा चमचा घ्या. रोज प्यायचं पेय म्हणून नाही. कोकमाच्या आगळात मीठ असतंच, तेव्हा ते सरसकट नको.

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसांवर नुकतंच बँडिंग (त्या नसा रबरी कड्यांनी बांधणं) झालं असेल किंवा तिथे व्रण असेल, तर हा प्रयोग नको.

भीमाकाठ

समजलं. काकडी-व्हिनेगर करून बघतो, आधी डॉक्टरांना फोन करून.

गौतमी_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोळा आलेल्या क्षणाचं मी सांगते, कारण बहुतेक घरांत नेमकं उलटं केलं जातं. पोटरी घट्ट झाली की लोक ती जोरात चोळतात, चिमटतात. त्याआधी ताण द्यायचा असतो.

पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पाऊल स्वतःकडे, नडगीच्या दिशेने ओढा. हात पोचत नसेल, आणि पोट फुगलेल्या माणसाचा हात पोचत नाहीच, तर उशाशी एक पंचा किंवा जुनी ओढणी ठेवा. ती तळपायाच्या पुढच्या भागाला अडकवून दोन्ही टोकं हळूहळू ओढायची. झटका द्यायचा नाही आणि श्वास कोंडायचा नाही. उभं राहता येत असेल तर भिंतीला धरून टाच जमिनीवर दाबून धरा. पण रात्री पेंगत असताना एकट्याने उभं राहू नका. या आजारात हाडं ठिसूळ असतात आणि रक्त गोठायलाही वेळ लागू शकतो, पडणं परवडणारं नाही. मांडीच्या मागे गोळा असेल तर गुडघा सरळ करून पाय उचलायला दुसऱ्याची मदत घ्या. गोळा सुटला की मग हलक्या हाताने वरच्या दिशेने चोळा.

झोपण्याआधीचा ताण वेगळा. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं, तळहात भिंतीला, एक पाय मागे, त्याची टाच जमिनीला टेकलेली, आणि पुढे झुकायचं. मागच्या पोटरीत ओढ जाणवली की अर्धा मिनिट तसंच राहायचं. दोन्ही पायांनी तीन-तीनदा. वयस्क लोकांवर झालेल्या अभ्यासात झोपण्याआधीच्या अशा ताणांनी रात्रीचे गोळे कमी झालेले दिसले आहेत. जड गोधडी पायांवर घट्ट खोचू नका, तिच्या वजनाने पाऊल खाली वळतं आणि गोळ्याला आमंत्रण मिळतं.

सुमनताई, तुम्हाला मधुमेह आहे म्हणून आणखी एक. गरम पाण्याची पिशवी लावायची तर आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून, टॉवेलमध्ये गुंडाळून. तळपायाची संवेदना कमी झालेली असेल तर भाजलेलं कळत नाही, आणि अशी जखम महिनोन्महिने भरत नाही.

अंबानगरीचा_राजू

माझी आई अमरावतीला असते. तिला पिंढऱ्या वळायचा त्रास आहेच, पण मला इथे दुसरंच सांगायचं आहे. पाय दुखला की सगळं 'गोळा' म्हणून सोडून देऊ नका. आईचा डावा पाय दुखत होता, आम्ही तेल लावून चोळत होतो. मग लक्षात आलं की तो एकच पाय सुजलाय, गरम लागतोय. पायाची डॉप्लर सोनोग्राफी केल्यावर शिरेत गुठळी निघाली. आम्हाला वाटायचं लिव्हरच्या माणसाचं रक्त पातळ असतं, गुठळी कशी होईल? डॉक्टरांनी सांगितलं की आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा) वाढलेला असला तरी गुठळी होऊ शकते. वेळेवर कळलं म्हणून आई आज आहे. एकच पाय सुजला असेल तर चोळू नका, दवाखान्यात न्या.

डॉ_अस्मिता

राजू, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. सिरोसिसमध्ये रक्तस्राव आणि गुठळी हे दोन्ही धोके एकत्र नांदतात.

दुखण्याची जात ओळखायला थोडी मदत करते. गोळा अचानक येतो, स्नायू हाताला कडक लागतो आणि काही मिनिटांत उतरतो. तळपायांची जळजळ, मुंग्या, सुया टोचल्यासारखं वाटणं, आणि हे दोन्ही पायांत सारखं, असं असेल तर मज्जातंतूंचा त्रास असू शकतो. मधुमेहात, दारूमुळे किंवा बी१२ कमी असल्यास तो होतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. संध्याकाळी दोन्ही पाय जड, बोट दाबलं तर खड्डा पडतो, ती सूज. कातडी लाल, गरम, सोबत ताप असेल तर त्वचेखालचा जंतुसंसर्ग. सुजलेल्या पायावरच्या साध्या ओरखड्यातून तो होतो आणि या आजारात झपाट्याने पसरतो, त्यात एक दिवसही घालवू नका. आणि रात्री पाय सारखे हलवावेसे वाटतात, हलवले की बरं वाटतं, पण स्नायू कडक होत नाही, तर तो आणखी वेगळा विकार आहे. त्यात शरीरातलं लोह तपासावं लागतं.

वैशाली_नगर

आमच्या सासूबाईंना ओळखीतल्या एकांनी गुळवेलीचा काढा आणि अश्वगंधा सुरू करायला सांगितलं आहे, 'लिव्हर साफ होतं आणि पायांत ताकद येते' म्हणून. द्यावं का? आणि महानारायण तेल?

डॉ_अस्मिता

वैशालीताई, तेल बाहेरून हलक्या हाताने लावायला हरकत नाही, फक्त जखम, लाली किंवा एकाच पायाला सूज नसावी. पोटात घ्यायचं मात्र काहीही नको. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. अश्वगंधेमुळे कावीळ झाल्याच्या नोंदीही आहेत. निरोगी माणसाच्या यकृतात सहन करण्याची बरीच राखीव ताकद असते, सिरोसिसमध्ये ती उरलेली नसते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे, पण इथे ठाम राहा.

सुमन_सातारा

मंडळी, तपासणी झाली. वही नेली होती आणि या वेळी आत गेल्या गेल्या पायांचंच बोलले. डॉक्टरांनी वही दोनदा बघितली. माझं वजन खरंच वेगाने उतरत होतं. मॅग्नेशियम कमी निघालं, सोडियमही थोडं खाली होतं. टॉर्सेमाइड निम्मं केलं आहे, मॅग्नेशियमची गोळी दिली आहे, लॅक्टुलोजचा डोस शौचाच्या हिशेबाने ठरवून दिला आहे. पोट पुन्हा फुगतंय का यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. अल्ब्युमिन सध्या नको म्हणाले. गोळे अजून येतात, पण रोज नाही. पंचा उशाशी असतो आणि तो खरंच उपयोगी आहे.

त्यांनी टॉरिन नावाचं काहीतरी पुढे बघू असं म्हटलं. ते काय असतं?

डॉ_अस्मिता

फार छान वाटलं वाचून. मॅग्नेशियमचं एक लक्षात असू द्या. तुमच्या रक्तात ते कमी होतं म्हणून ते भरून काढणं बरोबर आहे. ते कमी नसताना नुसतं पायांत गोळे येतात म्हणून घेऊन फारसा फायदा होत नाही, असं वयस्क लोकांवरच्या अभ्यासांतून दिसतं.

टॉरिन हे एक अमायनो आम्ल, स्नायूंत भरपूर असतं. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत यकृताचा जुनाट आजार असलेल्या रुग्णांना रोज २ ग्रॅम टॉरिन दिल्यावर गोळे येण्याची संख्या आणि तीव्रता दोन्ही कमी झाली. अभ्यास लहान होता, पण चांगला केलेला होता. ते एनर्जी ड्रिंकच्या डब्यातून घ्यायचं नाही. अल्ब्युमिन शिरेतून देऊन गोळे कमी होतात हे इटलीतल्या डॉक्टरांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं, पण ते महाग आहे आणि त्यासाठी दवाखान्यात जावं लागतं. बॅक्लोफेनचा उपयोग इजिप्तमधल्या २०१६ च्या चाचणीत दिसला आहे, मात्र त्याने गुंगी येते. ज्यांना पूर्वी एन्सेफॅलोपॅथी झाली आहे किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्यांच्यात फार जपून द्यावं लागतं. क्विनाइन काही जण अजून मागतात. ते नको. त्याने प्लेटलेट घसरू शकतात, आणि तुमच्या त्या आधीच कमी असतात.

श्यामल_कुडाळ

सगळं वाचलं. मला खाण्याबद्दल विचारायचं आहे. मला सिरोसिस आहे, पोटात पाणी नाही, पण पाय काडीसारखे झालेत आणि गोळे येतात. मी एकादशी करते, नवरात्राचे नऊ दिवस धरते, आणि एरवीही संध्याकाळी सातला जेवले की सकाळी चहापर्यंत काही नाही. घरचे म्हणतात प्रोटीन कमी खा, अमोनिया होतो. नेमकं काय करू?

आहार_मानसी

श्यामलताई, मी आहारतज्ज्ञ आहे, यकृताचे रुग्ण रोज बघते. तुमचे पाय बारीक होणं आणि गोळे येणं या दोन गोष्टी मी वेगळ्या समजत नाही.

निरोगी यकृतात रात्रीपुरता साखरेचा साठा असतो. सिरोसिसमध्ये तो साठाच तुटपुंजा. त्यामुळे एका रात्रीच्या उपाशीपणात तुमच्या शरीरात जे होतं ते निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासात होतं. शरीर स्नायू मोडून ऊर्जा काढतं. सात ते सात म्हणजे बारा तास तुम्ही रोज तेच करताय. न्यूझीलंडमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना झोपण्यापूर्वी पूरक आहार वर्षभर दिला, आणि त्यांच्या शरीरातली प्रथिनं वाढली. तेच पूरक दिवसा घेणाऱ्यांची वाढली नाहीत.

म्हणून झोपताना खायचंच. दूध-पोळी, नाचणीची पेज आणि दूध, सातूचं पीठ दुधात, नाहीतर उकडलेलं अंडं आणि अर्धी भाकरी. मधुमेह असेल तर गूळ-साखर टाळून. सकाळी उठल्यावर तासाभरात पुन्हा काहीतरी. दिवसा तीन-चार तासांहून मोठी फट नको.

प्रथिनं कमी करायचा सल्ला जुना आहे आणि त्याने नुकसान होतं. आता किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. स्नायू स्वतः अमोनिया वापरून कमी करतात, तेव्हा स्नायू राखणं हाच अमोनियावरचाही उपाय आहे. डाळी, उसळी, दही, पनीर, अंडं, मासे चालत असतील तर मासे, हे दिवसभरात थोडं थोडं विभागून. कुडाळात मासे ताजे मिळतात, ते जरूर खा. सुका बांगडा आणि सुकट मात्र मिठामुळे टाळा.

उपासाबद्दल मी हात जोडून सांगते, निर्जळी किंवा एकभुक्त उपास करू नका. साबुदाण्याची खिचडी हाही उपाय नाही, साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीत. धरायचाच असेल तर दर तीन तासांनी दूध, दही, ताक, राजगिरा, शेंगदाणे असा, आणि रात्री झोपताना खाऊन. आजारी माणसाला उपासातून सूट द्यायची रीत आपल्याकडे पूर्वीपासूनच आहे. माझ्या एका रुग्ण आजींचा उपास त्यांच्या सुनेने स्वतःकडे घेतला, आजी फक्त आरतीला बसतात.

श्यामल_कुडाळ

मानसीताई, सून नाही, पण धाकटी जाऊ आहे, तिला विचारते. आजपासून झोपताना दूध आणि अंडं. गौतमीताईंचा भिंतीचा व्यायाम पोट फुगलेलं नसताना थोडा जास्त वेळ केला तर चालेल का? मला घरात चालायलाही भीती वाटायला लागली आहे.

गौतमी_फिजिओ

चालेल. श्वास कोंडला जात नाही आणि चक्कर येत नाही एवढं बघा. चालायची भीती घालवायला सुरुवात खुर्चीपासून करा. हात न टेकता खुर्चीतून उभं राहायचं आणि सावकाश बसायचं, जमेल तितक्या वेळा, शेजारी कुणीतरी असताना. ते सोपं वाटायला लागलं की ओसरीत चकरा. किती जमतंय ते इथे लिहा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.